गर्जा महाराष्ट्र माझा : तुम्ही कुणाच्या आवाजात ऐकलंत?

१ मे जवळ आला की आमच्या कॉलनीत तोच वाद, गाणं ठरलेलंच असतं हो, पण लावायचं कुणाचं? शब्द राजा बढेंचे, चाल श्रीनिवास खळेंची आणि आवाज शाहीर साबळेंचा, माझ्यासाठी विषय तिथेच मिटतो. खळेकाकांची बाकी गाणी किती हळुवार, आणि त्याच माणसाने ही छाती फुगवणारी चाल बांधली याचं मला अजून नवल वाटतं. पण नंतर हे गाणं कुणी कुणी नाही गायलं! नाशिककरांनो, तुमच्या वाट्याला कुठलं आलं ते लिहा.

पंचवटी :
माझे काका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरात दारात आली की शेवटचं हेच, दमलेले वऱ्हाडी पण परत उभे राहायचे. साबळेंचं मी नंतर ऐकलं, आधी काकांचंच.

नाशिकरोड :
आम्ही मुलींनी शाळेत बसवलं होतं, मूळ पट्टीत आमचा आवाज पोचेना म्हणून बाईंनी पेटीवर पट्टी बदलून दिली. मी तेव्हा चौथीत, घरी येऊन रडले की गाण्यात रेवा आहे, वरदा आहे, कृष्णा कोयना सगळ्या आहेत, फक्त आपली गंगाच नाही. आपण इकडे सगळे गंगाच म्हणतो ना, बाजार गंगेवर, गणपती गंगेवर. आजी म्हणाली अगं वेडाबाई, गोदावरी म्हणजेच आपली गंगा, त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावते ती. दुसऱ्या दिवशी तो शब्द आला आणि मी इतक्या जोरात गायले की बाईंनी पेटी थांबवली. आज माझ्या मुलीला शिकवताना तिथे आवाज आपोआप चढतो.

सिडको :
मी ढोल पथकात आहे. ढोलावर चाल येत नाही, फक्त ठेका येतो, तरी ताशाने उचललं आणि आमची टिपरू पडली की रस्त्यावरची माणसं स्वतःच गायला लागतात. हे पण व्हर्जनच की, आणि मला सगळ्यात आवडतं तेच.

गंगापूर रोड :
१९ फेब्रुवारी २०२३ पासून हे राज्यगीत झालं, तिथे दोनच कडवी घेतात, पावणेदोन मिनिटांच्या आत संपतं. मुलं ताठ उभी राहून म्हणतात ते छानच वाटतं, पण माझ्या वडिलांना तिन्ही कडवी पाठ, ते घरी उरलेलं कडवं म्हटल्याशिवाय खाली बसत नाहीत. ते उरलेलं कडवं जाऊ देऊ नका एवढंच सांगणं आहे.

मूळ धागाकर्ता :
सगळ्यांचं वाचलं, गंगेचं तर घरात मोठ्याने वाचून दाखवलं. ठरलं मग, १ तारखेला आधी साबळे, आणि ते संपले की माईक कॉलनीतल्या मुलींकडे, त्यांच्या पट्टीत, तिन्ही कडवी.