वेन काउंटीच्या लिलावातलं घर आणि शहराचे २५,००० डॉलर

नोव्हायकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "डेट्रॉइटमध्ये कर थकल्यामुळे वेन काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्ह्याने) जप्त केलेलं घर लिलावात ५०० डॉलरला घ्या, वर डाउन पेमेंटसाठी (सुरुवातीला भरायच्या रकमेसाठी) शहराची मदत २५,००० पर्यंत मिळते, घर जवळपास फुकट." नवख्यांना खड्ड्यात घालू नका! ती मदत कर्जाला जोडून, क्लोजिंगच्या (खरेदी पूर्ण होण्याच्या) वेळी मिळते. लिलावात कर्ज नसतं, सगळी रक्कम लगेच भरायची. हाती पडतं क्विटक्लेम डीड, म्हणजे मालकीची हमी न देणारं खरेदीखत. टायटल इन्शुरन्स (मालकीच्या वादांपासूनचा विमा) हवा तर बहुतेकदा आधी कोर्टात जाऊन टायटल, म्हणजे मालकी, साफ करून घ्यायची. शिवाय ५०० ही बोलीची सुरुवात असते.

मीनल, ट्रॉय: म्हणजे कमी पगारवाल्याने स्वप्नच बघू नये? तेच घर कुणी टायटल साफ करून विकलं तर मदत लावता येते. मोडकळीला आलं असेल तर एफएचएच्या (गृहकर्जांना विमा देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) २०३(के) कर्जात दुरुस्तीचा खर्चही धरतात.

सुहास: घर कसं घ्यायचं ते नंतर. ते गेलं कोणाचं? २०१० ते २०१६ डेट्रॉइटने घरांचं मूल्यांकन फुगवून किमान ६० कोटी डॉलर जादा कर लावला, हे डेट्रॉइट न्यूज या वृत्तपत्राने २०२० मध्ये छापलं. आणि आपल्याच ओकलंड काउंटीतलं साउथफिल्ड! तिथल्या एका घराचे मालक राफेली यांचे कराचे ८ डॉलर ४१ सेंट थकले होते. घर २४,५०० ला विकून काउंटीने सगळे पैसे ठेवले. मिशिगनच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते चूक ठरवलं.

नोव्हायकर: एका केसवरून सगळे थकबाकीदार गरीब गाय होत नाहीत. जप्तीपर्यंत तीन वर्षं मिळतात. आम्ही वेळेवर भरतो ते मूर्ख का?

वैशाली: दादा, तीन वर्षं कोणाला? आम्ही भाडं दर महिन्याला देत होतो, मालकाने कर भरलाच नाही. कळलं ते दारावर नोटीस लागल्यावर. लेकीची शाळा सुरू होती, माझी झोप उडाली होती. मूर्ख आम्ही का?

सुहास: हेच! गरिबांसाठी करमाफी आहे, पण अर्ज दरवर्षी करावा लागायचा. कित्येकांना ती आहे हेच माहीत नव्हतं.

मीनल, ट्रॉय: आणि अशा भाडेकरूंसाठीच २०१७ पासून 'मेक इट होम' ही योजना चालली. शहराने लिलावाआधी खरेदीचा हक्क वापरायचा आणि राहणाऱ्याला घर द्यायचं. जप्त घर मदतीने घेता येतच नाही म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

नोव्हायकर: ठीक, राहत्या भाडेकरूपुरतं मान्य. वैशालीताई, तुमच्याबद्दल नव्हतं ते. पण बाहेरून बोली लावणाऱ्याला शहराचा एक डॉलरही मिळत नाही, यावरून मी हटणार नाही.