सोळा वर्षांची मुलगी, दोन वंशांचा वारसा आणि आमच्या अपेक्षा : आमचे कोठे चुकते आहे?

प्रश्न

मी भारतीय वंशाची आहे आणि माझे पती आफ्रिकी वंशाचे. आम्ही ज्या समाजात राहतो तो या दोन्हींहून वेगळा आहे, त्यामुळे आमच्या मुलीसारखे दिसणारे तिच्या वर्गात दुसरे कोणी नाही. गेल्या आठवड्यात एक प्रवेश-अर्ज भरताना ती वंशाच्या रकान्यापाशी थांबली. एकच पर्याय निवडायचा होता. 'इतर' या शब्दाशेजारी तिने पेनाचे टोक टेकवले, उचलले, पुन्हा टेकवले. कागदावर चार-पाच निळे ठिपके उमटले. मी घाईत होते. "ते राहू दे, आधी गुणांचा तक्ता भर," असे मी म्हणाले. तिने अर्ज माझ्याकडे सरकवला आणि शांतपणे म्हणाली, "तूच भर. माझ्याबद्दल तुला तेवढंच माहीत आहे."

लहानपणापासून आम्ही दोघेही तिला हेच सांगत आलो की, लोक आधी तुझा रंग पाहतील, म्हणून तुला इतरांपेक्षा दुप्पट चांगले असावे लागेल. हे काळजीपोटी सांगितले आणि त्यात खोटे काहीच नव्हते. नव्वद गुण मिळाले, तर उरलेले दहा कोठे गेले असे मी विचारत असे. माझ्या माहेरची माणसे तिच्या केसांवरून बोलतात, सासरची माणसे तिच्या बोलण्याच्या ढंगावरून. आता ती अभ्यास करते, पण आमच्याशी बोलत नाही. आम्ही अपेक्षा कमी कराव्यात का?

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः मिश्र वंशाचा आहे आणि आता चाळिशी ओलांडली आहे. आमच्या घरात वंशाचा विषय फक्त निकालाच्या दिवशी निघत असे, तोही तुम्ही लिहिलेल्या त्याच वाक्यातून. त्यामुळे गुण म्हणजे घरात राहण्याचे भाडे आहे, अशी माझी समजूत झाली होती. बाहेर कोणी "तू नक्की कोण?" असे विचारले की माझ्यापाशी एकच उत्तर असे : वर्गात पहिला. ज्या वर्षी मी तिसरा आलो, त्या वर्षी माझ्यापाशी उत्तरच उरले नाही. मी दोन महिने कोणाशी धड बोललो नाही आणि घरच्यांना वाटले की मला निकालाचे वाईट वाटते आहे.

त्या रकान्याला क्षुल्लक समजू नका. अमेरिकेच्या जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवण्याची मुभा प्रथमच मिळाली ती २००० साली. त्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसाला एक बाजू सोडावी लागे. आई किंवा बाप यांपैकी कोणाला खोडायचे, असा तो प्रश्न असतो, आणि तो एखाद्या मुलीला एकटीने सोडवावा लागू नये.

अपेक्षा कमी करा, असे मी म्हणणार नाही. मात्र "दुप्पट चांगली हो" ही जगाविषयीची सूचना आहे, ती घराची अट झाली की मूल कोठेच विसावू शकत नाही. तिला पंचावन्न गुण मिळाले तरी ती तुमचीच आहे, हे तिला निकालाच्या दिवशी नव्हे, तर एखाद्या साध्या दिवशी ऐकू येऊ द्या.

प्रतिसाद २

मी किशोरवयीन मुलांचे समुपदेशन करते. विषय काढला नाही तर मुलाला तो जाणवणार नाही, असे अनेक पालकांना वाटते, पण तसे घडत नाही. केनेथ आणि मेमी क्लार्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे केवळ रंगाने वेगळ्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या होत्या. त्या वयातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनीही गोऱ्या बाहुलीला चांगली म्हटले, आणि "तुझ्यासारखी कोणती?" या प्रश्नावर काही मुले कावरीबावरी झाली. तुमची मुलगी तर सोळा वर्षांची आहे.

या वयातला शोध हा आजार नसतो. वांशिक ओळखीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ जीन फिनी यांनी तिचे तीन टप्पे मांडले : प्रश्नच न पडलेला काळ, शोधाचा काळ आणि स्वतः पारखून स्वीकारलेली ओळख. मुलगी मधल्या टप्प्यावर असावी, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. मानसशास्त्रज्ञ मारिया रूट यांनी १९९३ साली मिश्रवंशीयांच्या हक्कांची जी सनद लिहिली, तिच्यात पालक देतात त्याहून वेगळी ओळख सांगण्याचा हक्क आहे, आणि निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळी ओळख सांगण्याचाही. तिने आज एक आणि उद्या दुसरे सांगितले, तर तिला खोटे पाडू नका.

आणखी एक, आणि हे मी आग्रहाने सांगते. नातेवाईक तिच्या केसांवरून बोलतील तेव्हा त्यांना तेथेच, तिच्यासमोर थांबवा. नंतर खोलीत नेऊन घातलेली समजूत तिच्या उपयोगाची नसते, कारण त्या क्षणी तुम्ही गप्प राहिलात एवढेच तिच्या लक्षात राहते.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी बराचसा सहमत आहे, तरी "दुप्पट" या शब्दाला एवढे दोषी धरू नये. ज्यांना दारातून परत पाठवले गेले आहे, त्यांच्याच तोंडी तो येतो. मुलीपर्यंत निष्कर्ष पोहोचला आहे, त्यामागची हकिकत पोहोचलेली दिसत नाही. ती तिच्या वडिलांनी सांगावी, आणि सांगताना शेवटी अभ्यासाचा उपदेश जोडू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. पहिला प्रतिसाद मी पतींना मोठ्याने वाचून दाखवला. काल रात्री त्यांनी तिला त्यांच्या सोळाव्या वर्षाची गोष्ट सांगितली. शिक्षकांनी भर वर्गात केलेल्या अपमानानंतर ते शाळेतच जाईनासे झाले होते आणि त्या वर्षी नापास झाले होते. लग्नाला वीस वर्षे झाली, पण हे मलाही ठाऊक नव्हते. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारले, "आजी काय म्हणाली तेव्हा?" त्यानंतर ते दोघे उशिरापर्यंत बोलत बसले होते आणि मी मुद्दामच आत गेले नाही.

अर्ज अजून टेबलावर आहे. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. तो रकाना ती स्वतः भरेल, असे तिने मला सांगितले आहे, आणि ती काय लिहिणार हे मी विचारलेले नाही.