जुन्या टीव्ही गेमचा आरएफ डबा काढून एव्ही करावं का?

खानापूरकर: लिटल मास्टर असो की टर्मिनेटर, आपल्याकडचे टीव्ही गेम म्हणजे निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमच्या नकला, कॅसेट ६० पिनांची. हल्ली बेळगावात जो तो आतला आरएफ डबा (चित्र-आवाज टीव्हीच्या अँटेनातून चॅनलवर पाठवणारा) उपटून एव्ही (चित्र-आवाजाच्या थेट वायरी) बसवतोय. माझा ठाम विरोध. मशीन कुठल्या देशासाठी जुळवलंय, हे त्या डब्यातच कळतं. भारतात साउंड कॅरियर, म्हणजे आवाज वाहणारी लहर, चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झवर, हाँगकाँगला ६, चीनला ६.५. चित्र स्वच्छ आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर असेल, तर मशीन बिघडलेलं नसतं, परदेशी जुळणीचं असतं. डब्यातल्या साउंड कॉइलचा गाभा प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने पाव-पाव फेरा आत घ्या, बहुतेक वेळा आवाज सापडतो. लोखंडी वापरलात तर गाभा तडकतो.

शहापूर_सोल्डर: आवाज सापडेल ओ, पण टीव्हीचं काय? डब्याची फ्रिक्वेन्सी तापली की सरकते, आणि नवे एलईडी टीव्ही लगेच निळा पडदा टाकतात. एव्हीला पर्याय नाही. सुटे आयसी असतील तर पीपीयूची, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपची, २१ नंबरची पिन व्हिडिओची. ती ए१०१५ ट्रान्झिस्टरच्या बेसला, कलेक्टर ग्राउंडला, एमिटर ३०० ओहमने ५ व्होल्टला. एमिटरवरून ११० ओहम, मग २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, प्लस बाजू ट्रान्झिस्टरकडे. ट्रान्झिस्टर न लावता थेट वायर ओढली की चित्र काळपट येतं. उभे पट्टे दिसले तर २१ नंबर बोर्डावरून उचला, शेजारच्या ट्रॅकचा गोंगाट तिथूनच शिरतो. काळ्या ठिपक्याचा बोर्ड (सुट्या आयसींऐवजी चिप काळ्या थेंबाखाली) असेल तर पिन मिळणार नाही, डब्याकडे जाणाऱ्या वायरीवरून घ्या.

खानापूरकर: पिन उचलली की डब्याचा व्हिडिओ तुटला. म्हणजे डबा जागेवर राहूनही मेलाच की!

निपाणी_६०पिन: डब्यापेक्षा मोठं नुकसान क्रिस्टल (मशीनची गती ठरवणारा भाग) बदलणारे करतायत, त्यावर कुणी बोलत नाही. आपल्या मशीनमधली यूए६५२७पी (सीपीयू) आणि यूए६५३८ (पीपीयू) ही जोडी २६.६०१७ मेगाहर्ट्झवर चालते. सीपीयू त्याला १५ने भागतो, १.७७३. युरोपच्या अस्सल एनईएसमध्ये (फॅमिकॉमची तिकडची आवृत्ती) भागाकार १६ने, १.६६३. जपानी १.७९०. सूर सीपीयूच्या गतीवर ठरतो, म्हणून आपल्या मशीनवर मारिओचा सूर जवळपास जपानीच लागतो; चाल मात्र सेकंदाच्या चित्रांवर, जपानी ६० तर आपली ५०, म्हणून १७ टक्के हळू. हे मिश्रण अस्सल निन्टेन्डोत कुठेच नाही, जपायचं ते हे. 'साठ हर्ट्झ करतो' म्हणून कुणी २१.४७७चं क्रिस्टल टाकलं, तर पीपीयू ओळी ३१२च काढतो. सेकंदाला जेमतेम ४० चित्रं, रंग गायब.

शहापूर_सोल्डर: क्रिस्टलला हात नको, शंभर टक्के मान्य. पण हा सूर ऐकायला चित्र तर दिसायला हवं! एव्हीनेच ही मशीनं कपाटातून बाहेर येतील.

खानापूरकर: मग पिन उचलू नका. पट्टे चालतील, पण आरएफ चालू राहिला पाहिजे. आणि एव्हीसाठी नवी भोकं पाडू नका, वायर मागच्या फटीतून काढा.

शहापूर_सोल्डर: फटीतून वायर ओढली की सांधा तुटतो. भोक पाडावंच लागेल.