राक्षसी गांधीलमाशी: माणसापेक्षा मधमाश्यांना अधिक धोका
आशियातल्या या राक्षसी गांधीलमाशीचा मुख्य धोका माणसालाच आहे, असे म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते. एकाच वेळी अनेक दंश झाले तर विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि तीव्र ॲलर्जी असलेल्याला एक दंशही जिवावर बेतू शकतो, हे खरे. परंतु पोळे डिवचल्याशिवाय ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. मधमाश्यांचे तसे नाही. उन्हाळा सरता सरता काही डझन गांधीलमाश्या मिळून युरोपीय मधमाश्यांची हजारोंची वसाहत काही तासांत मुंडकी तोडून संपवतात आणि आतल्या अळ्या आपल्या पिलांसाठी नेतात. जपानी मधमाश्या शत्रूला चहूबाजूंनी वेढून, अंगाच्या उष्णतेने तापमान सुमारे ४६ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन त्याला ठार करतात; अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाश्यांना ही युक्ती साधत नाही, म्हणूनच २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्यात ही माशी सापडताच तेथील कृषी विभाग धास्तावला. पकडलेल्या माशीला दात साफ करण्याच्या दोऱ्याने चिमुकला रेडिओ-प्रेषक बांधून (या कल्पकतेला दाद द्यावीच लागेल) त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये ब्लेन गावाजवळ झाडातले पहिले पोळे शोधले, २०२१ मध्ये आणखी तीन नष्ट केली आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून तिचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.