सल्ला हवा: दुधाच्या मेंढ्यांची निवड पैदास, मेंढा कोणता राखावा?

कोकरू_२१:
६० माद्या, दोन मेंढे. कोकरं महिन्याची झाली की त्यांचं पिणं तोडतो आणि मग दोन वेळा धारा काढतो. काही मेंढ्या दिवसाला दोन लिटर देतात, काही अर्ध्या लिटरवरच अडकतात. सगळ्यात जास्त दूध देणारीचा नर राखून पुढे तोच वापरावा, असा विचार आहे. बरोबर आहे का? आणि नोंदी नेमक्या किती नि कशा ठेवायच्या?

धारकाढ्या:
"सगळ्यात जास्त" हे कसं ठरवलंत? एका दिवसाच्या भरल्या भांड्यावरून ठरवलं असेल तर ते बाद धरा. व्यायल्यावर जोरात चढून दोन महिन्यांत आटणारी मेंढी आणि दीड लिटरवर सहा महिने टिकणारी मेंढी, यांतली दुसरी कधीही बरी.

पिणं तोडल्यावर चार-पाच दिवस जाऊ द्या, मग पहिली मोजणी. त्यापुढे दर ३० दिवसांनी, सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही धारा मिळून. मापाने नको, काट्यावर वजन करा. फेस मापात हमखास फसवतो. वेताचं एकूण दूध असं काढा: समजा चार मोजण्या १.८, १.५, १.१ आणि ०.७ किलो आल्या. पहिली मोजणी धारा सुरू झाल्यावर १० व्या दिवशी झाली आणि शेवटच्या मोजणीनंतर १५ दिवसांनी मेंढी आटली. सुरुवातीचे १० × १.८ = १८. मधल्या प्रत्येक टप्प्याला दोन मोजण्यांची सरासरी गुणिले ३०: ४९.५, ३९, २७. शेवटचे १५ × ०.७ = १०.५. एकूण १४४ किलो.

कोकरू अंगावर पीत असताना केलेली मोजणी निवडीसाठी वापरू नका. मेंढी पान्हा चोरते. कासेच्या पोकळीत साठलेलं तेवढं निघतं, वरच्या बारीक पिशव्यांतलं दूध आणि बरंचसं फॅट आतच राहतं. दूध कमी आणि पातळ दिसतं, नि दोष उगाच मेंढीच्या माथी.

तुलना फक्त बरोबरीच्यांत करा: त्याच वेताची, साधारण त्याच पंधरवड्यात व्यायलेली. पहिलटकरीण आणि तिसऱ्या वेताची एका यादीत लावलीत तर तुम्ही वय निवडताय, दूध नाही. जुळी पाजणाऱ्या मेंढीचं दूधही थोडं जास्त असतं, ते वेगळं लिहून ठेवा.

वंशवेल:
मेंढ्याबद्दल. मेंढीच्या दुधाची आनुवंशिकता साधारण ०.३ धरतात. मेंढी एका वेतात बरोबरीच्यांपेक्षा ५० लिटर पुढे असेल तर त्यातलं रक्तातलं सुमारे १५ लिटर, आणि कोकराला त्याच्या निम्मं, म्हणजे सात-आठ. बाकीचं चारा, हवामान, नशीब. तीन वेतांची सरासरी ५० ने पुढे असेल तर कोकराच्या वाट्याला ११ च्या आसपास. म्हणून एका वेताच्या राणीपेक्षा तीन वेतं सातत्याने वरच्या फळीत राहिलेल्या मेंढीचा नर घ्या.

त्याहून भरवशाचा पुरावा लेकींचा. दहा लेकींच्या पहिल्या वेतावरून मेंढ्याचा अंदाज आईच्या तीन वेतांच्या दुप्पट अचूक येतो. अडचण इतकीच की लेकींचं दूध कळेपर्यंत मेंढा अडीच-तीन वर्षांचा होतो आणि तोवर बहुतेक लोकांनी तो विकलेला असतो. राखून ठेवा.

आणि एकच मेंढा? अजिबात नको. पिढीमागे वाढणारा अंतःप्रजनाचा (नात्यातल्या नात्यात पैदास होण्याचा) दर = १ भागिले (८ × नर) अधिक १ भागिले (८ × माद्या). ६० माद्यांना दोन मेंढे म्हणजे जवळपास साडेसहा टक्के. सहा मेंढे ठेवलेत तर सव्वादोन. जमत नसेल तर दुसऱ्या नोंदी ठेवणाऱ्या कळपाशी मेंढ्यांची अदलाबदल करा.

खुरवाट:
नुसत्या दुधावर निवड केलीत तर काही पिढ्यांत कासा लोंबायला लागतील. सड वर-बाजूला आणि पोकळी त्यांच्या खाली, असं झालं की तळाचं दूध हाताने कास उचलल्याशिवाय येत नाही. फ्रान्समध्ये लाकॉन जातीची निवड आधी दुधाच्या प्रमाणावर आणि घटकांवर चालली. कासेची ठेवण आणि पेशीसंख्या (दुधातल्या पेशींची मोजणी, ती वाढली की कासेला सूज असल्याची खूण) २००० नंतरच्या दशकात निकषांत आली. तुम्ही पहिल्या दिवसापासून घ्या. धारेआधी मागून बघून कासेची खोली, बांधणी आणि सडांची दिशा यांना १ ते ९ गुण द्या. वारंवार दगडी (कासेची सूज) होणारी मेंढी कितीही दुधाळ असो, तिचा नर राखू नका.

दूध चीजसाठी जात असेल तर लिटर नव्हे, फॅट आणि प्रथिनांचे किलो मोजा. दूध वाढतं तसे या दोन्हींचे टक्के उतरतात.

कोकरू_२१:
ईस्ट फ्रिजियन या दुधाळ विदेशी जातीचा मेंढा आणून संकर केला तर लवकर फरक पडेल ना?

खुरवाट:
पडेल, पहिल्या पिढीत. पण उष्ण हवेत शुद्ध ईस्ट फ्रिजियनला न्यूमोनियाचा त्रास होतो, आणि संकरित नर-मादी आपसांत लावल्या की संकराचा जोम निम्मा उतरतो. इस्राएलमध्ये अवासी या तिथल्या काटक जातीशी संकर करून असाफ जात बांधली, तीही ⅝ अवासी आणि ⅜ ईस्ट फ्रिजियन अशा प्रमाणात, म्हणजे काटकपणा हाताशी ठेवूनच. चारा तोच राहणार असेल तर हा खर्च नको.

कोकरू_२१:
दोन्ही मेंढे कळपात मोकळे असतात. मग लेक कोणाची हे कसं कळणार?

वंशवेल:
हे आधी सांगायला हवं होतंत, याशिवाय वरचं सगळं फुकट! मेंढ्यागणिक वाडा वेगळा करा. प्रत्येकीचा माज सरासरी १७ दिवसांनी फिरतो, म्हणून ३५ दिवस एकच मेंढा, म्हणजे दोन फेऱ्या. मेंढ्याच्या छातीला रंग लावा, म्हणजे लागलेल्या मेंढीच्या पाठीवर तो उमटतो; १७ व्या दिवशी रंग बदला. दुसरा रंग दिसला तर ती मेंढी आधी फळली नव्हती. वाडे एकत्र करण्याआधी किंवा दुसरा मेंढा सोडण्याआधी तीन आठवडे मेंढ्यांना मेंढ्याविना ठेवा, म्हणजे कोणताही नर सोबत नको. गाभण काळ १४७ ते १५० दिवसांचा, त्यामुळे व्यायल्याच्या तारखेवरून बाप ठरवता येतो. बिल्ला कोकराच्या कानात पहिल्याच दिवशी, आईचा नंबर बघून.