मदत हवी आहे: पुढची बाल्कनी आणि मागची खोली, हवेत एवढा फरक?

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात कर्वे रस्त्याला लागूनच, दुसऱ्या मजल्यावर राहतो. लेक सात वर्षांची, तिला दमा आहे. अ‍ॅपवर शहराची हवा ‘समाधानकारक’ दिसते आणि त्याच संध्याकाळी तिला पंप द्यावा लागतो.

म्हणून गेल्या महिन्यात पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) मोजणारं छोटं यंत्र आणलं. संध्याकाळी सातला रस्त्याकडच्या बाल्कनीत ९५च्या आसपास (घनमीटरला मायक्रोग्रॅम), मागे बोळाकडच्या खोलीत ५५. मध्ये जेमतेम पंधरा पावलं! (आपल्याकडची ६०ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे, हे माहीत आहे.) बाल्कनीतल्या तुळशीची पानं सकाळी पुसली तरी संध्याकाळी बोटाला काजळी लागते. मागच्या कुंड्यांवर नुसती धूळ.

दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की धूर खालीच कोंडतो. नायट्रोजन डायऑक्साइड आणि काजळी रस्त्यापासून शे-दोनशे मीटरवर बरीच उतरते. त्यामुळे शहराचा एकच आकडा माझ्या खिडकीला लावता येणार नाही, हे पटलंय.

अडलंय ते पुढे. दमट हवेत ही यंत्रं जास्त आकडा दाखवतात. तो दुरुस्त कसा करायचा? कोणी हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्राजवळ यंत्र ठेवून ताडून पाहिलंय का? शाळेत चालत नेताना प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून गेलं तर दहा मिनिटं जास्त लागतात. तेवढ्याने खरंच फरक पडतो का? आणि रस्त्याकडच्या खिडक्या दिवसात कधी उघडाव्यात?

औषधं डॉक्टरांची चालू आहेत. स्वतः मोजून पाहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.