मदत हवी आहे : मुद्दा थोडक्यात मांडायला नागपुरात कुठे शिकता येईल?

नमस्कार मंडळी. मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. कामाबद्दल तक्रार नाही, अडतं ते बोलताना. पुण्याच्या टीमसोबतच्या कॉलवर "रिलीज का थांबवायचं?" असं विचारलं, की मी बग कधी सापडला, कोणत्या बिल्डमध्ये, कोणाला मेल केला इथून सुरू करतो. "पेमेंट दोनदा कटतंय, म्हणून थांबवा" हे वाक्य येईपर्यंत दुसऱ्याचा माइक सुरू झालेला असतो.

इंग्रजीची अडचण नाही, हे आधीच सांगतो. सीताबर्डीवरचे क्लासवाले ऐकूनच घेत नाहीत, थेट स्पोकन इंग्लिशचा फॉर्म पुढे करतात. मराठीतही माझं असंच होतं, घरी विचारा!

टोस्टमास्टर्सबद्दल, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लब्सबद्दल, वाचलंय. आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर १ ते २ मिनिटं बोलायचं, तयार भाषण साधारण ५ ते ७ मिनिटांचं, आणि नंतर दुसरा सदस्य काय जमलं, काय नाही ते सांगतो. वेळेचं हे बंधन मला हवंच आहे. पण त्याने विचारांची मांडणी सुधारते, की फक्त स्टेजची भीती जाते? कोणी वर्षभर टिकून केलं असेल तर खरं काय ते सांगा.

वर्धा रोड किंवा मनीषनगरकडे असा क्लब नियमित भरतो का? फी किती? आणि निष्कर्ष आधी, कारणं नंतर अशी सवय कोणी कशी लावली?

ऑनलाइन कोर्स नका सुचवू राजेहो, ते अर्धवटच पडतात.